टर्बोचार्जर संच बसवणी (ऑफ-रोड वाहने)

टर्बोचार्जर संच बसवणी म्हणजे मूळ उत्पादकाने टर्बोचार्जरविना विकलेल्या वाहनाच्या इंजिनावर बाजारात स्वतंत्रपणे मिळणारा टर्बोचार्जर व त्याला लागणारे सुटे भाग नंतर जोडणे. डोंगराळ व कच्च्या वाटांवर चालणाऱ्या जीप वर्गातील वाहनांबाबत हा फेरबदल विशेष चर्चिला जातो. संच हाती आल्यानंतर तो प्रत्यक्ष बसवण्यास एक-दोन दिवस पुरू शकतात; मात्र त्याआधी इंजिनाची तपासणी, आवश्यक दुरुस्ती, दुरुस्तीनंतरचे रनिंग-इन, भागांची जुळवाजुळव आणि कायदेशीर परवानगीची चौकशी यांसाठी अनेक आठवडे, प्रसंगी काही महिने थांबावे लागते. हा प्रतीक्षाकाळ टाळून केलेली बसवणी हे इंजिन निकामी होण्याचे एक प्रमुख कारण असते.

नाशिक जिल्ह्याचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. महिंद्रा अँड महिंद्राचा वाहन कारखाना नाशिकमध्ये आणि इंजिन कारखाना इगतपुरीत आहे. दुसरीकडे दिंडोरी तालुक्यातील वणी, कळवण तालुक्यातील नांदुरी आणि सप्तशृंगी गडाचा घाट हा परिसर अशा वाहनांच्या शक्तीची व ब्रेकची नित्य परीक्षा घेणारा आहे.

## कार्यपद्धती

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जितकी हवा शिरते, त्या प्रमाणातच इंधन पूर्णपणे जळू शकते. साध्या, म्हणजे नैसर्गिक श्वसनाच्या इंजिनात पिस्टन खाली येताना निर्माण होणाऱ्या पोकळीमुळे वातावरणातील हवा आत ओढली जाते. त्यामुळे बाहेरील हवेचा दाब ही त्या इंजिनाच्या शक्तीची मर्यादा ठरते. टर्बोचार्जर ही मर्यादा ओलांडतो. सिलिंडरमधून बाहेर पडणारे तप्त वायू एका टर्बाइनचे चाक फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले कंप्रेसरचे चाक बाहेरील हवा दाबून इंजिनात पाठवते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. तो बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, म्हणून ऑइलचा अखंड व स्वच्छ पुरवठा ही टर्बोचार्जरची पहिली गरज आहे.

वातावरणाच्या दाबापेक्षा जितका जास्त दाब कंप्रेसर निर्माण करतो, त्याला व्यवहारात 'बूस्ट' म्हणतात. बूस्ट ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप काही वायू टर्बाइनला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे सोडते. दाबलेली हवा तापते व तापल्याने विरळ होते. तिला पुन्हा थंड करण्यासाठी इंटरकूलर वापरतात.

## पार्श्वभूमी

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये निष्कास वायूंच्या शक्तीवर हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. सुरुवातीला तिचा उपयोग प्रामुख्याने जहाजांची मोठी डिझेल इंजिने आणि विमाने यांत झाला. उंचावरील विरळ हवेत विमानाचे इंजिन दुर्बळ होते, हा प्रश्न पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आला. अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर टर्बोचार्जर जोडलेल्या लिबर्टी इंजिनाची चाचणी घेतली. प्रवासी मोटारींत टर्बोचार्जर १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांमधून आला. १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझने टर्बो डिझेल मोटार विक्रीस आणली.

भारतात अनेक वर्षे जीप वर्गातील वाहने नैसर्गिक श्वसनाच्या इंजिनांवरच चालली. महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्रसाहाय्याने बनवलेले २,११२ घन सेंटिमीटर क्षमतेचे डिझेल इंजिन एमएम ५४० या जीपमध्ये वापरले जाई. त्याची शक्ती साधारण ६० अश्वशक्तीच्या घरात होती. पुण्याच्या बजाज टेम्पोची, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सची, ट्रॅक्स ही गाडी मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनावर आधारलेली होती. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी पेट्रोलवर चालणारी व टर्बोविना होती. २०२३ मध्ये आलेल्या मारुती सुझुकी जिम्नीचे १.५ लिटर पेट्रोल इंजिनही नैसर्गिक श्वसनाचे आहे.

याउलट २०१० मध्ये आलेल्या महिंद्रा थारच्या दोन्ही डिझेल आवृत्त्यांना आणि २०२० मध्ये आलेल्या नव्या थारच्या पेट्रोल व डिझेल अशा दोन्ही इंजिनांना कारखान्यातूनच टर्बोचार्जर आहे. त्यामुळे संच बसवण्याचा प्रश्न मुख्यतः जुन्या जीप, ट्रॅक्स, जिप्सी यांसारख्या वाहनांपुरता आणि जिम्नीसारख्या मोजक्या नव्या वाहनांपुरता उरतो.

## उंची, उष्णता व शक्ती

समुद्रसपाटीपासून वर जाताना हवेचा दाब व घनता कमी होते. नाशिक शहर सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता प्रमाण स्थितीत समुद्रसपाटीच्या सुमारे ९४ टक्के असते. सप्तशृंगी गडाच्या परिसरातील सुमारे १,२०० मीटर उंचीवर ती सुमारे ८९ टक्क्यांवर येते. म्हणजे नैसर्गिक श्वसनाचे इंजिन मुंबईच्या तुलनेत गडावर सुमारे दहा टक्के कमी हवा घेते. उन्हाळ्यातील तापमानामुळे ही घट आणखी वाढते. लडाखमधील पाच हजार मीटरांहून उंच खिंडींत तर घनता साठ टक्क्यांच्या आसपास उरते.

टर्बोचार्जरचा परिणाम पुढील गणिताने स्पष्ट होतो. गडाच्या उंचीवर वातावरणाचा दाब सुमारे ०.८८ बार धरला आणि संचाने ०.५ बार बूस्ट दिला, तर कंप्रेसरनंतरचा दाब १.३८ बार होतो, म्हणजे मूळ दाबाच्या १.५७ पट. आत येणारी हवा ३२ अंश सेल्सियस व कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के मानल्यास बाहेर पडणारी हवा सुमारे ९२ अंशांपर्यंत तापते. या तापलेल्या हवेची घनता मूळच्या केवळ १.३ पट असते. इंटरकूलरने ती ५० अंशांपर्यंत थंड केल्यास घनता सुमारे १.४८ पट होते. पाइप व इंटरकूलरमधील दाबाची घट यात धरलेली नसल्याने प्रत्यक्षात मिळणारा लाभ याहून थोडा कमी असतो. बूस्टचा आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारी हवा यांत फरक का असतो आणि इंटरकूलर वगळून केलेली काटकसर महाग का पडते, हे यावरून दिसते.

## संचातील भाग

पूर्ण संचात सामान्यतः पुढील भाग असतात:

* टर्बोचार्जर व त्याचे वेस्टगेट
* टर्बोचार्जर पेलणारा बिडाचा किंवा पोलादी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड
* दाबाखालील ऑइल आणणारी बारीक नळी आणि ऑइल चेंबरकडे परत नेणारी जाड नळी
* काही रचनांत थंड पाण्याच्या नळ्या
* इंटरकूलर, होजपाइप व पट्ट्या
* मोठा एअर फिल्टर आणि रुंद सायलेन्सर पाइप
* बूस्ट व निष्कास तापमान दाखवणारे मीटर
* पेट्रोल इंजिनासाठी मोठे इंजेक्टर, दाब-संवेदक व नियंत्रकाचे नवे प्रोग्रामिंग

जुन्या डिझेल इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक नसतो. तेथे इंधनाचे प्रमाण इंजेक्शन पंपाच्या कॅलिब्रेशनने ठरते. डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः इंधनावर अवलंबून असल्याने पंप न बदलता केवळ टर्बोचार्जर जोडल्यास धूर कमी होतो, परंतु शक्ती फारशी वाढत नाही. पंप आधी वाढवून टर्बोचार्जर नंतर बसवला, तर हवेअभावी काळा धूर निघतो आणि निष्कास तापमान धोक्याच्या पातळीवर जाते. म्हणून पंपाचे अंतिम कॅलिब्रेशन बसवणीनंतरच, बूस्ट व तापमानाची नोंद पाहून केले जाते. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, डिझेल नोझल बनवणारा कारखाना आहे.

## बसवणीपूर्व प्रतीक्षाकाळ

### इंजिनाची तपासणी

टर्बोचार्जर इंजिनातील दोष दूर करत नाही. तो दोष वाढवतो. झिजलेल्या रिंगांमधून दाबलेले वायू क्रँककेसमध्ये उतरतात, तेथील दाब वाढतो आणि टर्बोचार्जरमधून परतणाऱ्या ऑइलची वाट अडते. ऑइल मग बेअरिंगच्या सीलमधून हवेच्या किंवा सायलेन्सरच्या मार्गात शिरते. अशा वेळी निळा धूर पाहून टर्बोचार्जर खराब निघाल्याचा समज होतो, परंतु मूळ दोष इंजिनाचा असतो. डिझेल इंजिनात अशा प्रकारे हवेच्या मार्गात साचलेले ऑइल इंधनासारखे जळू लागले, तर किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही व वेगाने धावून फुटू शकते.

त्यामुळे कॉम्प्रेशन चाचणी, क्रँककेसमधील वायुगळतीची पाहणी, गरम इंजिनावरील ऑइल दाबाची नोंद, रेडिएटर व थर्मोस्टॅटची तपासणी आणि हेड गॅस्केटची पाहणी प्रथम केली जाते. सिलिंडरांमधील कॉम्प्रेशनचा फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत असावा, असा कार्यशाळांतील सर्वमान्य दंडक आहे.

### दुरुस्ती व रनिंग-इन

तपासणीत इंजिन उघडण्याची गरज दिसल्यास पिस्टन, रिंगा व बेअरिंग बदलले जातात. अशा इंजिनावर लगेच बूस्ट देणे योग्य नसते. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी जुळण्यासाठी काही काळ जावा लागतो. या काळात, सामान्यतः हजार ते दीड हजार किलोमीटरपर्यंत, वेग व भार बदलता ठेवून आणि दीर्घकाळ पूर्ण भार टाळून वाहन चालवले जाते. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलून कॉम्प्रेशन पुन्हा मोजले जाते. दुसऱ्या मोजणीतून इंजिनाची खरी अवस्था कळते.

### तुलनेसाठी मूळ नोंदी

बसवणीपूर्वीची इंधन खप, पाण्याचे तापमान, धुराचा रंग आणि एका ठरावीक चढावरील वेग व गिअर यांची नोंद ठेवल्यास नंतरचा फरक अंदाजावर सोडावा लागत नाही. एकच चढ, सारखेच वजन व जवळपास सारखे हवामान असेल तरच अशी तुलना अर्थपूर्ण ठरते.

### भागांची साठवण

संच काही काळ पडून राहणार असल्यास टर्बोचार्जरची सर्व तोंडे बंद ठेवणे आवश्यक असते. पावसाळी दमट हवेत बिडाचे भाग गंजतात, आणि गंजाचा किंवा मातीचा सूक्ष्म कणही वेगाने फिरणाऱ्या चाकाची पाती व बेअरिंग खराब करू शकतो. ऑइलच्या नळ्यांतील कापण्या-जोडण्याचा कीस बसवणीपूर्वी पूर्ण धुऊन काढावा लागतो.

## बसवणी

टर्बोचार्जर ऑइलच्या पातळीपेक्षा उंच असा बसवला जातो, जेणेकरून ऑइल स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये परतेल. परतीच्या नळीला वर चढणारे किंवा तुंबणारे वळण चालत नाही. ऑफ-रोड वाहन पुढे-मागे व बाजूला बरेच कलत असल्याने ही अट रस्त्यावरील मोटारीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळावी लागते. गॅस्केटच्या जागी सिलिकॉनचा जास्त वापर केल्यास त्याचे तुकडे ऑइलच्या बारीक वाटा बुजवतात. टर्बाइनजवळील ब्रेक व इंधन नळ्या आणि वायरिंग यांना उष्णतारोधक आवरण दिले जाते.

पहिल्या वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोचार्जरमध्ये ऑइल भरून, इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवतात. ऑइलचा दाब दिसल्यानंतरच इंधन सुरू केले जाते. सुरुवातीची काही मिनिटे इंजिन आयडलिंगवर ठेवून गळती तपासली जाते. पुढील शेकडो किलोमीटर कमी बूस्टवर चालवून नट-बोल्ट पुन्हा आवळले जातात. कारण तापण्या-निवण्याने मॅनिफोल्डचे सांधे सैल होतात.

## डिझेल व पेट्रोल इंजिनांतील फरक

जुनी डिझेल इंजिने तुलनेने जड बांधणीची असल्याने अल्प बूस्ट सहन करू शकतात. तेथे मुख्य धोका निष्कास तापमानाचा असतो. टर्बाइनपूर्वी ते दीर्घकाळ सुमारे ७०० ते ७५० अंशांपुढे राहिल्यास पिस्टन व हेड यांना इजा पोहोचू शकते.

पेट्रोल इंजिनात 'नॉकिंग'चा धोका मोठा आहे. दाब व तापमान वाढल्याने इंधन-हवेचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच ठिकठिकाणी भडकते आणि पिस्टनवर हातोड्यासारखे आघात होतात. नैसर्गिक श्वसनाच्या पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर मुळात जास्त ठेवलेले असल्याने बूस्ट कमी ठेवणे, ठिणगीची वेळ मागे घेणे व अधिक ऑक्टेनचे इंधन वापरणे भाग पडते.

## ऑफ-रोड वापरातील परिणाम

खडकाळ किंवा चिखलाच्या वाटेवर कमाल शक्तीपेक्षा कमी वेगावरील सहज नियंत्रण अधिक महत्त्वाचे असते. मोठा टर्बोचार्जर कमी फेऱ्यांवर निष्प्रभ राहतो व नंतर एकाएकी जोर देतो. या विलंबामुळे चाके अचानक घसरू शकतात. म्हणून अशा वाहनांसाठी लवकर फिरू लागणारा लहान टर्बोचार्जर निवडला जातो. केवळ हळू चढण्याचा प्रश्न असेल, तर फोर-व्हील ड्राइव्हचा लो गिअर तेच काम कमी खर्चात करतो.

वाढलेला टॉर्क क्लच प्लेट, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि ॲक्सल यांच्यावर पडतो. रेडिएटरपुढे इंटरकूलर आल्याने पाण्याचे तापमान वाढू शकते. ओढा-नाले ओलांडताना तप्त टर्बाइनवर एकदम थंड पाणी पडल्यास बिडाला तडा जाण्याची शक्यता असते. धुळीच्या वाटांवर एअर फिल्टरची निगा न राखल्यास कंप्रेसरची पाती झिजतात. मोठ्या चढानंतर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे आयडलिंगवर ठेवण्याची पद्धत आहे. अन्यथा थांबलेल्या तप्त बेअरिंगमधील ऑइल जळून काजळी धरते.

## घाटरस्ते व सुरक्षितता

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा घाट तीव्र वळणांचा आहे. नवरात्रोत्सवात गर्दीमुळे खासगी वाहने नांदुरीत थांबवून भाविकांना एसटी बसने वर नेण्यात येते. २० जानेवारी २००८ रोजी याच घाटात भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचा वाहनातील फेरबदलाशी संबंध नव्हता. मात्र घाटात शक्तीपेक्षा नियंत्रणाला असलेले महत्त्व त्यातून अधोरेखित होते. टर्बोचार्जर चढावरील वेग वाढवतो, ब्रेकची क्षमता वाढवत नाही. मूळ ब्रेक, टायर व सस्पेन्शन हे मूळ इंजिनाच्या वेगाचा विचार करून ठरवलेले असतात. म्हणून शक्ती वाढवण्याआधी ब्रेक व स्टिअरिंग सुस्थितीत आणणे हा प्रतीक्षाकाळातील कामांचा अविभाज्य भाग मानला जातो.

## भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांसारख्या वेगळ्या इंधनासाठी किंवा ऊर्जास्रोतासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यास कायद्यात वाव आहे. शक्ती वाढवण्यासाठी केलेला बदल या सवलतीत मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात निर्णय देताना मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, ही भूमिका स्पष्ट केली.

२०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेले भाग बसवून वाहनात फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाहनांची प्रमाणित चाचणी करणाऱ्या संस्थांत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा समावेश होतो.

विम्याच्या दृष्टीनेही वाहनातील महत्त्वाचा बदल विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते. न कळवल्यास अपघातानंतरच्या दाव्यावर वाद उद्भवू शकतो. नव्या वाहनाच्या इंजिनावरील वॉरंटीही अशा बदलाने धोक्यात येते. या कारणांमुळे संच विकत घेण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे हा प्रतीक्षाकाळातील पहिला टप्पा ठरतो. बाजारात संच उपलब्ध असणे म्हणजे तो सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यास परवानगी असणे नव्हे.

## पर्याय

शक्ती कमी वाटणाऱ्या जुन्या वाहनात अनेकदा मूळ क्षमताच घटलेली असते. नोझल व पंपाचे कॅलिब्रेशन, व्हॉल्व्हचे सेटिंग, एअर फिल्टर, घासणारे ब्रेक, सरकणारा क्लच आणि मूळ मापापेक्षा मोठे टायर यांची तपासणी केल्यास बराच फरक पडतो. मोठ्या टायरमुळे प्रत्यक्ष गिअर गुणोत्तर बदलते व चढावर इंजिन दमते. मूळ मापाचे टायर लावणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. चालवण्याच्या कौशल्याचाही वाटा मोठा असतो. इगतपुरी येथे महिंद्राने ऑफ-रोड वाहनचालनाचे प्रशिक्षण देणारी अकादमी सुरू केली. वारंवार उंच प्रदेशात जाणाऱ्यांसाठी कारखान्यातूनच टर्बोचार्जर असलेले वाहन घेणे हा कायदेशीर व यांत्रिक अशा दोन्ही दृष्टींनी अधिक निर्धोक पर्याय आहे. कारण त्यातील पिस्टन, शीतन व्यवस्था, क्लच आणि ब्रेक यांची रचना वाढीव शक्ती गृहीत धरूनच केलेली असते.

## हेही पहा

* टर्बोचार्जर
* सुपरचार्जर
* डिझेल इंजिन
* महिंद्रा थार
* मारुती जिप्सी
* सप्तशृंगी
* वणी (नाशिक जिल्हा)
* मोटार वाहन अधिनियम, १९८८